मनातला काटा

पायात काटा मोडला तर आपण काय करतो? बांधावर बसतो. पाय मांडीवर घेतो. सुईने काटा काढतो. आपला आपल्याला दिसत नसला तर दुसऱ्याला हाक मारतो, "अरे, जरा बघ रे. तुला दिसतो का?" त्यात कुणाला लाज वाटत नाही. काटा तसाच ठेवला तर काय होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. आधी ठणका लागतो. मग पू होतो. नाहीतर कुरूप होऊन बसते आणि माणसाचे चालणेच वाकडे होते.

मनातही काटा मोडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण ठणकतो. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मनात तर तो फार खोल रुततो. तो कसा ओळखावा, कुणाकडून काढून घ्यावा, आणि नुसत्या बोलण्याने तो निघतो कसा, हे या पाठात पाहू.

आधी एक गोष्ट ऐका. गोष्टीतली माणसे रचलेली आहेत. पण असे आपल्या आसपासच्या घरांत घडत असते.

गणेशला झाले काय?

गणेश पंधरा वर्षांचा. दहावीत शिकणारा. घरी दोन एकर जिरायत, एक म्हैस, आई, आप्पा, म्हातारी आजी आणि धाकटी बहीण. शाळा तालुक्याला. सकाळी एस. टी. ने जायचे, संध्याकाळी परत यायचे. पोरगा हसरा. कबड्डीत चपळ. अभ्यासातही बरा.

दिवाळीनंतर पोरगा बदलला. कबड्डी सुटली. जेवणावरची वासना उडाली. रात्री टक्क जागा राही आणि सकाळी उठवता उठत नसे. कधी डोके दुखे, कधी पोट. आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडू लागली. धाकटीने नुसता पेन घेतला तरी अंगावर धावून जाई. मग आपणच गोठ्यात जाऊन रडत बसे.

आप्पा म्हणाले, "आळस भरलाय अंगात. मोबाईल काढून घ्या त्याचा. चार दिवस रानात राबला की सरळ हुईल."

आजी म्हणाली, "लेकराला कुणाची तरी नजर लागलीया." तिने मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. देवऋष्याकडून अंगारा आणला. देवऋष्याने दीड हजार रुपये घेतले. वर एक कोंबडाही नेला.

शेजारी म्हणाले, "वयच तसं असतं. येईल ताळ्यावर."

सगळे मायेपोटीच बोलत होते. पण गणेशला काय होते आहे, हे खुद्द गणेशला कुणीच विचारले नाही.

एके रात्री आई भांडी घासत होती. गणेश येऊन उंबऱ्यावर बसला. हळूच म्हणाला, "आई, मी नसतो तर तुम्हाला किती बरं झालं असतं. माझ्या पायी खर्च तरी झाला नसता."

आईचा हात थांबला. दुसरी एखादी म्हणाली असती, "गप बस. दिवेलागणीला भलतंसलतं बोलू नको." पण ती उठली. हात पुसले. त्याच्याजवळ जाऊन बसली. ती काही बोलली नाही. नुसता पाठीवरून हात फिरवत राहिली. गणेश बराच वेळ रडला.

सकाळ होताच तिने आशाताईचे घर गाठले.

विचारायला भिऊ नका

सगळे ऐकून आशाताई म्हणाली, "वहिनी, हे बोलणं हलकं घेऊ नका. आपण त्याला सरळ विचारू."

आई घाबरली. "नको गं बाई. विचारलं तर नसतं खूळ भरायचं त्याच्या डोक्यात."

"विचारल्यानं खूळ भरत नाही, वहिनी. विचार असेल तर तो आधीच आत बसलाय. विचारलं की त्याला बाहेर यायला वाट मिळते."

आशाताईचे म्हणणे खरे आहे. जाणत्या लोकांनी हे तपासून पाहिले आहे. मायेने आणि सरळ विचारल्याने जीव देण्याचा विचार वाढत नाही. उलट, कुणीतरी आपले ऐकते आहे, एवढ्याने मुलाला धीर येतो.

आशाताईने गणेशला पडवीत एकट्याला गाठले. "गणेश, जगणं नको असं वाटतं का रे कधी?"

गणेश खाली मान घालून म्हणाला, "वाटतं कधी कधी."

आशाताई ओरडली नाही. तिने उपदेशही केला नाही. ती म्हणाली, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस. आता हे ओझं तू एकट्यानं उचलायचं नाही."

मग तिने आप्पांना तीन कामे सांगितली. फवारणीचे औषध आणि घरातल्या गोळ्या आजच कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ बाळगा. पोराला एकटे सोडू नका. आणि उद्या सकाळी त्याला ग्रामीण रुग्णालयात घेऊन चला.

कुलूप कशासाठी? वाईट विचार लाटेसारखा येतो. पुष्कळदा ती लाट थोड्या वेळात ओसरते. त्या घटकेला हाताशी घातक वस्तू नसली तर माणूस वाचतो. म्हणून एका कुलपाने जीव वाचू शकतो.

"नुसतं बोलून काय होतं?"

रुग्णालयात डॉक्टरांनी गणेशला आधी नीट तपासले. रक्त तपासले. अंगात रक्त कमी असले किंवा दुसरा काही आजार असला तरी माणूस मरगळतो. म्हणून शरीराची तपासणी आधी करतात. गणेशच्या अंगात तसा आजार नव्हता. डॉक्टर म्हणाले, "याचं डोकं दुखतं, पोट दुखतं, ते सोंग नाही बरं का. मनावरचा ताण अंगावर उतरतो. याच्या मनाला आधाराची गरज आहे." त्यांनी त्याला शेजारच्या खोलीत समुपदेशक ताईंकडे पाठवले.

समुपदेशक म्हणजे मनाच्या अडचणी ऐकून घेण्याचे आणि त्यातून वाट काढायला शिकवण्याचे शिक्षण घेतलेले माणूस. त्याच्या कामाला समुपदेशन म्हणतात. आजार मोठा असेल तर हेच काम मानसतज्ज्ञ करतात. त्याला मानसोपचार म्हणतात. मनाच्या आजारावर औषध देणाऱ्या डॉक्टरांना मनोविकारतज्ज्ञ म्हणतात.

आप्पांना हे काही पटले नाही. ते म्हणाले, "ताई, सुई न्हाई, गोळी न्हाई. नुसतं बोलून काय व्हतं? बोलायला तर घरात चार माणसं हायती."

ताई हसल्या. "आप्पा, तुम्ही पोहायला कसं शिकलात?"

"नदीत. पाठीला भोपळा बांधून. चुलत्यानं शिकवलं."

"चुलते तुमच्या वतीनं पोहत होते का?"

"छे! पोटाखाली हात धरायचे. हातपाय आमचे आम्हीच मारायचो."

"मग हात कधी काढला त्यांनी?"

आप्पा थोडे थांबले. म्हणाले, "ते कळलंच न्हाई."

"हे तसंच आहे, आप्पा. मी गणेशच्या पोटाखाली हात धरणार. हातपाय त्यानंच मारायचे. एक दिवस मी हात काढीन. त्याला कळणारसुद्धा नाही. घरची माणसं मायेची खरी. पण माय घाबरते आणि बाप चिडतो. म्हणून शिकवायला थोडं लांबचं, शिकलेलं माणूस लागतं."

खोलीत काय चालते?

पहिल्याच भेटीत ताईंनी गणेशला एक वचन दिले. "तू इथं बोलशील ते मी बाहेर बोलणार नाही. तुला विचारल्याशिवाय घरीसुद्धा सांगणार नाही. एकच गोष्ट लपवणार नाही. तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला इजा करत असेल, तर ते मला सांगावं लागेल."

मग त्या ऐकत राहिल्या. मध्ये बोलल्या नाहीत. हळूहळू सगळे बाहेर आले. दिवाळीआधीच्या परीक्षेत गणेशला गणितात अकरा मार्क पडले होते. ते वर्गात मोठ्याने वाचले गेले. पोरे हसली. तेव्हापासून एस. टी. त दोन मुले त्याला "अकरा, ए अकरा" अशी हाक मारत. त्यातच एका रात्री आप्पा आईला म्हणाले होते, "सोयाबीन गेलं. क्लासची फी उसनवारीनं भरलीया. आता सगळी भिस्त पोरावर." गणेश अंथरुणात जागा होता. त्याने मनाशी हिशेब मांडला. मी नापास होणार. पैसे फिटणार नाहीत. घर बुडणार. आणि हे सगळे माझ्यामुळे.

एवढे मोठे ओझे हे पोर दोन महिने एकटे वाहत होते. आणि घरच्यांना तो आळस वाटत होता.

दुसऱ्या भेटीत ताईंनी एक वही घेतली. पानावर तीन रकाने पाडले. काय घडले? मनात काय आले? मग काय वाटले आणि काय केले? गणेशने लिहिले: गणितात अकरा मार्क पडले. मनात आले, माझे आता काहीच होणार नाही. मग छातीत धडधडले, पुस्तक मिटले, शाळा बुडवली.

ताई म्हणाल्या, "पंचायतीत तक्रार आली तर एकच बाजू ऐकून निकाल देतात का?"

"नाही. दोन्ही बाजू ऐकतात."

"मग तुझं मन तुझ्याविरुद्ध तक्रार करतंय. तिचीही दुसरी बाजू ऐकू."

दुसरी बाजू निघाली. बाकीच्या सगळ्या विषयांत तो पास होता. नववीत गणितही सुटले होते. परीक्षेच्या आधी तो तापाने पडून होता, तेव्हाचे दोन धडे बुडाले होते. मग गणेशने खाली नवे वाक्य लिहिले: "माझं गणित कच्चं आहे. मेहनत घ्यावी लागेल. पण एका विषयानं जन्म वाया जात नाही."

"सगळं छान होणार" असे घोकून मनाची फसवणूक करणे, हा काही उपचार नव्हे. मनात आलेला विचार घासून, पारखून घ्यायचा. खरे तेवढे ठेवायचे. खोटे टाकून द्यायचे. ही रीत काही कालची नाही. अमेरिकेत एरन बेक नावाचे डॉक्टर होऊन गेले. १९२१ साली जन्मले, २०२१ साली वारले. खिन्न माणसांच्या मनात त्याच त्या पडक्या विचारांची रांग लागते, हे त्यांनी ओळखले आणि १९६० नंतरच्या वर्षांत ही रीत घडवली. त्याच्या थोडे आधी, १९५५ च्या सुमारास, आल्बर्ट एलिस यांनीही अशीच एक रीत काढली. ती आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठीतून समजावून दिली.

तिसऱ्या भेटीत कामाची गोष्ट निघाली. मन बसले की माणूस बसून राहतो. बसून राहिला की मन आणखी बसते. हे चक्र कुठेतरी मोडावे लागते. मनाला उभारी येईल आणि मग मी उठेन, अशी वाट पाहायची नाही. आधी थोडे उठायचे. उभारी मागून येते. ताईंनी छोटीच कामे दिली. सकाळी उठून म्हशीला पाणी दाखवायचे. शनिवारी कबड्डीच्या मैदानावर जायचे. "खेळलंच पाहिजे असं नाही. नुसतं जाऊन उभा राहा." पहिल्या शनिवारी गणेश उभा राहिला. दुसऱ्या शनिवारी पोरांनी त्याला ओढून आत घेतले.

चौथ्या भेटीत एस. टी. तल्या मुलांचा विचार झाला. काय काय करता येईल, ते सगळे लिहून काढले. मारामारी करायची. शाळा सोडायची. कंडक्टरजवळ पुढे बसायचे. एखाद्या मित्राला सोबत घ्यायचे. वर्गशिक्षकांना सांगायचे. मग प्रत्येक वाटेने गेले तर पुढे काय होईल, ते पाहिले. गणेशने शेवटच्या तीन वाटा निवडल्या. त्याची परवानगी घेऊन ताई वर्गशिक्षकांशी बोलल्या. चिडवणे बंद झाले.

म्हणजे बघा, "सहन कर, दुर्लक्ष कर" असे मुलाला सांगून समुपदेशन संपत नाही. दुखण्याचे कारण बाहेर असेल तर ते बाहेर जाऊन दूर करायचे असते.

पुढच्या महिन्यात गणेशला पुन्हा कमी मार्क पडले. तो परत अंथरुणात गेला. "मी नाही येणार रुग्णालयात," म्हणाला. आप्पा चिडले. "बघा, गेलं सगळं पाण्यात!" पण ताईंनी हे आधीच सांगून ठेवले होते. ताप उतरतानाही एखाद्या रात्री चढतो. तसेच हे. उतार-चढाव येणारच. तेव्हाच सोडून द्यायचे नसते. आईने दोन दिवस वाट पाहिली. मग म्हणाली, "चल, मी येते सोबत." गणेश गेला.

आप्पांची पाळी

त्यानंतर ताईंनी आई-आप्पांना आत बोलावले. गणेशच्या परवानगीने त्यांनी त्या रात्रीचे बोलणे सांगितले. "आता सगळी भिस्त पोरावर."

आप्पा सुन्न झाले. म्हणाले, "ते मी मायेनं बोललो व्हतो, ताई. माझा पोरगा घर तारील असं म्हणायचं व्हतं मला."

"त्याला ते ओझं वाटलं, आप्पा."

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आप्पा खाली बघत म्हणाले, "माझ्या बापानं माझ्या पाठीवरनं कधी हात फिरवला न्हाई. मग मला कुठनं यावं ते?"

ताई म्हणाल्या, "पोहायला तरी कुठं जन्मतः येत होतं?"

त्या संध्याकाळी आप्पा गणेशला घेऊन रानात गेले. बांधावर बसले. म्हणाले, "हे बघ, उसनवारी माझी हाय. ती मी फेडीन. तू नापास झालास तर पुरवणी परीक्षा हाय. पोरगा दुसरा न्हाई मला." एवढेच बोलले. बाकीचे त्यांना जमले नाही. पण एवढ्याने खूप काम झाले.

दहावीच्या परीक्षेत गणेशला गणितात बेताचेच मार्क पडले. पण तो पास झाला. रात्री झोपतो. कबड्डी खेळतो. कधी मन बसले तर स्वतःच वही काढतो आणि तीन रकाने पाडतो. ताईंनी पोटाखालचा हात केव्हा काढला, ते त्यालाही सांगता येत नाही.

हे वेड आहे का?

नाही. दहा ते एकोणीस हे वाढीचे वय. आवाज बदलतो, अंग बदलते. मेंदूही अजून घडत असतो. भावना जोरात उसळतात, पण त्यांना लगाम घालणारा मेंदूचा भाग पुरा तयार झालेला नसतो. शिवाय परीक्षा, पैशाची ओढाताण, मोबाईलवरची चढाओढ, घरातली भांडणे, दारू, लग्नाची बोलणी. हे सगळे त्याच वयात अंगावर येते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात या वयाच्या दर ७ मुलांमध्ये १ मूल मनाच्या कोणत्या ना कोणत्या आजाराने त्रासलेले असते. म्हणजे वर्गात ४२ मुले असली तर त्यांत सहा जण असे असू शकतात. मोठेपणीच्या मनाच्या आजारांपैकी पुष्कळांची सुरुवातही याच वयात होते. म्हणून काटा कोवळा असतानाच काढलेला बरा.

मुलींचे दुखणे कधी वेगळ्या रूपाने बाहेर येते. एखादीची दातखीळ बसते. एखादीच्या अंगात येते. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा. पण पुष्कळदा तिला काहीतरी सांगायचे असते आणि सांगण्याची सोय नसते. शाळा सोडायची नसते. एवढ्यात लग्न नको असते. कुणाचा तरी त्रास होत असतो. तोंड बोलत नाही म्हणून अंग बोलते. अशा मुलीला आधी डॉक्टरांना दाखवावे. फिट येत असतील तर त्यावर वेगळे औषध आहे. तसे नसेल तर विश्वासाच्या ताईशी बोलू लागल्यावर हे झटके कमी होतात.

तिला मारणे, साखळीने बांधणे, धुरी देणे हा निव्वळ छळ आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली असा छळ करणे हा गुन्हा ठरला आहे. "लग्न लावून द्या, म्हणजे बरी होईल" हेही खोटे. अठराच्या आत मुलीचे लग्न करणे कायद्याने गुन्हा आहे. आणि दुखण्यावर लग्न हे औषध नव्हे.

औषध लागत नाही का?

कधी लागते. आजार जास्त असेल तर मनोविकारतज्ज्ञ गोळ्या देतात. गोळ्या आणि बोलणे दोन्ही मिळून चांगला गुण येतो. गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत आणि आपल्या मनाने बंदही करू नयेत. मुलाला कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, किंवा तो भलताच संशय घेत असेल, तर नुसत्या समुपदेशनावर भागत नाही. त्याला लवकर मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे.

बोलण्याचा उपचार म्हणजे जादू नव्हे. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसऱ्याकडे जावे. पण पुष्कळ मुलांना त्याचा उपयोग होतो, हे तपासून पाहिलेले आहे.

हे फक्त शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांसाठी आहे का? तसेही नाही. गोव्यात १९९६ साली "संगाथ" नावाची संस्था निघाली. मोठ्या डॉक्टरांची वाट न पाहता साध्या माणसांना शिकवून हे काम करता येते, असे या संस्थेने दाखवले. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत अशा शिकवून तयार केलेल्या माणसांनी मुलांमध्ये काम केले. तिथे मुलांमधली खिन्नता आणि दांडगाई कमी झाली. जिथे हे काम शिक्षकांवरच सोपवले होते, तिथे तसा फरक पडला नाही. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या सरकारी शाळांतही अशा माणसांनी मुलांना चार-पाच लहानशा भेटी दिल्या. अडचण ओळखा, वाटा शोधा, एक वाट चालून बघा, एवढेच शिकवले. त्यानेही मुलांचा ताण हलका झाला. तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला.

काटा कसा ओळखावा?

एखाद दिवस मूल रुसले, रडले तर घाबरू नये. पण पुढच्या गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त चालल्या तर लक्ष द्यावे:

झोप आणि भूक बदलणे.
आवडीचा खेळ, मित्र, शाळा सुटणे.
कारण सापडत नसताना डोके, पोट, छाती दुखणे.
सारखी चिडचिड किंवा सारखे रडू.
हातापायावर स्वतःच केलेल्या जखमा.
व्यसन लागणे.

आणि "मी नसतो तर बरं", "मला कंटाळा आला जगण्याचा" असे बोलणे कानावर आले, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकणे दिसले, तर दोन आठवडे नव्हे, दोन दिवसही थांबू नये.

कुठे जावे?

आधी आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत "मैत्री क्लिनिक" चालते. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांवर उपचार मिळतो.

जाणे जमत नसेल तर फोन करा. १४४१६ हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. याला टेली-मानस म्हणतात. ही सरकारी सोय १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. रात्री-अपरात्री केव्हाही फोन लागतो. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. मुलाचा कुणी छळ करत असेल तर १०९८ हा नंबर लावा. कुणी जिवाचे बरेवाईट करून घेतलेच, तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस फार मोठ्या ताणाखाली होता, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मानतो. तो शिक्षेसाठी नाही, उपचारासाठी आहे, असे कायदा सांगतो.

घरच्यांनी काय करावे?

रोज थोडा वेळ मुलाजवळ बसा. मार्कांचे विचारू नका. "आज कसं वाटतंय?" एवढे विचारा. तो बोलू लागला तर मध्ये तोंड घालू नका. "आमच्या वेळी तर..." असे सुरू करू नका. शेजारच्या पोराशी तुलना करू नका. समुपदेशकाकडून परत आल्यावर "काय काय बोललास?" म्हणून उलटतपासणी घेऊ नका. आणि गावात त्याची चर्चा होऊ देऊ नका.

आजीचेही एक सांगायचे राहिले. गणेश बरा झाल्यावर ती म्हणाली, "म्या सांगत नव्हते, माझ्या अंगाऱ्याचाच गुण आला!" आई नुसती हसली. पण दोन महिन्यांनी शेजारच्या घरातली नात जेवेनाशी झाली, कोपरा धरून बसू लागली. तेव्हा आजी काठी टेकत तिथे गेली. अंगारा काही नेला नाही. म्हणाली, "अगं, पोरीला त्या रुग्णालयातल्या ताईकडं घेऊन जा. आमच्या गणेशला नेला व्हता. लाजायचं कशाला त्यात?"